इंकजेट प्रिंटरमध्ये शाई नोझलपर्यंत पोहोचते कशी आणि गळत का नाही

इंकजेट प्रिंटरच्या हेडच्या खालच्या बाजूला शेकडो सूक्ष्म छिद्रे असतात. ही छिद्रे, म्हणजेच नोझल, जमिनीकडे तोंड करून उघडी असतात, त्यांना झडप नसते, बूच नसते आणि त्यांच्या वर जवळजवळ पाण्याइतकीच पातळ शाई भरलेली असते. तरीही हेड कागदावरून धावत असताना ज्या नोझलला हुकूम मिळाला आहे तेच थेंब टाकते आणि शेजारच्या नोझलमधून काहीही बाहेर येत नाही. प्रिंटर विकत घेताना आपण रेझोल्यूशन किती, रंग किती, पानामागे खर्च किती हे विचारतो; शाई टाकीपासून त्या छिद्रापर्यंत नेणाऱ्या व्यवस्थेकडे मात्र प्रिंट बिघडल्याशिवाय कोणाचे लक्ष जात नाही.

शाई पुढे ढकलणे हे या व्यवस्थेचे काम आहे, असा साधारण समज असतो. प्रत्यक्षात तिचे अवघड काम आहे ते शाईला अगदी हलक्या आणि सतत सारख्या ओढीने मागे धरून ठेवण्याचे; पुढे जाण्याचे काम शाई बहुतांशी स्वतःच करते. एवढे ध्यानात आले की कार्ट्रिजमधला स्पंज, स्प्रिंगची पिशवी, प्रिंटरच्या बाजूला लावलेली टाकी आणि फ्लेक्स मशीनवरचा व्हॅक्यूम पंप या वरवर असंबद्ध वाटणाऱ्या वस्तू एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत, हे दिसू लागते.

थेंबाचा हिशेब

घरातल्या किंवा कार्यालयातल्या प्रिंटरचा थेंब चार पिकोलिटरचा धरला, तर एका मिलिलिटर शाईतून असे पंचवीस कोटी थेंब निघतात. प्रत्येक थेंबाचा व्यास सुमारे २० मायक्रॉन भरतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका. आता समजा, काळ्या रंगाची १८० नोझल आहेत आणि भरीव काळा पट्टा छापताना प्रत्येक नोझल सेकंदाला २०,००० थेंब टाकते आहे. एवढ्या धुमश्चक्रीतही शाईचा खप मिनिटाला ०.८६ मिलिलिटर इतकाच येतो. इतक्या बारीक प्रवाहाला पंपाची गरज नसते. गरज असते ती प्रवाहात खंड न पडण्याची, कारण एखाद्या नोझलला सेकंदाचा शंभरावा भाग जरी शाई मिळाली नाही तरी दोनशे थेंब हुकतात आणि कागदावर पांढरी रेघ उमटते.

थेंब उडवण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. कॅनन आणि एचपी यांच्या बहुतेक प्रिंटरांत नोझलजवळ एक सूक्ष्म हीटर असतो. एक-दोन मायक्रोसेकंदांसाठी तो तापतो, त्याला चिकटलेल्या शाईच्या पातळ थराचे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, वाफेचा बुडबुडा फुगतो आणि त्याच्या धक्क्याने थेंब बाहेर पडतो. एप्सन आणि ब्रदर यांच्या प्रिंटरांत वीज दिली की आकार बदलणारे पिझो द्रव्य असते आणि ते शाईच्या कप्प्याची भिंत दाबते. पुरवठ्याच्या दृष्टीने पाहिले तर दोन्हींत पुढे घडते ते सारखेच. थेंब गेला की नोझलमधली शाईची पातळी आत सरकते, छिद्र अंशतः रिकामे होते आणि केशाकर्षणामुळे, म्हणजे बारीक छिद्रात द्रव आपोआप ओढला जाण्याच्या गुणामुळे, मागची शाई पुढे येऊन ती पोकळी भरून निघते. या भरपाईला काही दशक मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे शाई खेचणारे खरे इंजिन ते छिद्रच असते आणि मागच्या साऱ्या नळ्या-टाक्यांनी त्याला आडवे न येणे अपेक्षित असते.

ऋण दाब म्हणजे नेमके काय

नोझलच्या तोंडाशी शाईचा जो वक्र पृष्ठभाग असतो तो पृष्ठताणामुळे एखाद्या ताणलेल्या पापुद्र्यासारखा वागतो. छिद्र जितके लहान तितका तो पापुद्रा अधिक दाब पेलतो. शाईचा पृष्ठताण मीटरमागे ३० मिलिन्यूटन आणि छिद्राची त्रिज्या १० मायक्रॉन धरली, तर तो साधारण ६,००० पास्कल, म्हणजे ६० सेंटीमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका दाब झेलू शकतो, असे गणित सांगते. ही झाली आदर्श स्थिती. प्रत्यक्षात आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जरासा जरी वाढला, तरी शाई छिद्राच्या कडेबाहेर फुगते. नोझलच्या प्लेटवर आधीच थोडी ओल असते, फुगवटा त्या ओलीत मिसळतो आणि मग त्या शाईला रोखून धरणारी छिद्राची कडच उरत नाही. पसरलेली शाई शेजारच्या नोझलपर्यंत पोहोचते, पिवळ्यात काळा मिसळतो, उडणारे थेंब वाकडे जातात आणि शेवटी हेडखाली एक मोठा थेंब लोंबू लागतो.

म्हणून हेडमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी ठेवावा लागतो. यालाच ऋण दाब म्हणतात; मशीन चालवणारे त्याला निगेटिव्ह प्रेशर किंवा नुसतेच व्हॅक्यूम म्हणतात. लहान प्रिंटरांत तो साधारणपणे ३०० ते १,५०० पास्कल असतो, म्हणजे पाण्याच्या ३ ते १५ सेंटीमीटर स्तंभाइतका. वातावरणाच्या दाबाशी तुलना केली तर ही ओढ दीड टक्क्याच्या आतच राहते. ती फार कमी झाली की शाई गळते आणि फार वाढली की नोझल वेळेत भरत नाही, थेंब लहान पडतो, छपाई फिकी होते. त्याहूनही वाढली तर पापुद्रा आत फुटतो आणि नोझलमधून हवा शिरते. टाकी भरलेली असो वा तळाला गेलेली, हेड थांबलेले असो वा धावत असो, दिवस थंड असो वा तापलेला, दाब याच अरुंद पट्ट्यात ठेवणे हे सारे कसब आहे.

कार्ट्रिजच्या पोटातली उत्तरे

एचपीने १९८४ मध्ये थिंकजेट हा प्रिंटर बाजारात आणला तेव्हा त्याच्या हेडला अवघी बारा नोझल होती आणि शाई एका लवचीक रबरी पिशवीत भरलेली होती. शाई कमी होत गेली की पिशवी आकसते आणि रबराच्या मूळ आकाराकडे परतण्याच्या धडपडीतून हलकी ओढ निर्माण होते. शाई आणि हेड एकाच फेकण्याजोग्या तुकड्यात असल्यामुळे नळ्या नव्हत्या, जोड नव्हते आणि हवा शिरायला जागाही नव्हती. हेड खराब झाले तरी शाईबरोबर ते बदलले जायचे. पुढे या कल्पनेवर महागड्या कार्ट्रिजचा जो व्यापार उभा राहिला त्याबद्दल ग्राहकांची तक्रार रास्त असली, तरी तांत्रिकदृष्ट्या ही रचना अतिशय सुरक्षित होती, हे मान्य करावे लागते.

त्यानंतर सर्वत्र पसरला तो स्पंज. रिकामे कार्ट्रिज फोडून पाहिलेल्या प्रत्येकाने तो पाहिलेला असतो. त्याची सूक्ष्म छिद्रे केशाकर्षणाने शाई धरून ठेवतात आणि ही धरून ठेवण्याची ताकदच हेडच्या दृष्टीने ऋण दाब ठरते. स्पंज स्वस्त आहे, कार्ट्रिज उलटे-पालटे केले तरी तो शाई सोडत नाही आणि त्यात हलणारा एकही भाग नाही. त्याचे दोन दोष मात्र मूळ स्वभावातलेच आहेत. एक म्हणजे तो स्वतः बरीच जागा खातो आणि काही शाई कधीच सोडत नाही. दुसरे म्हणजे शाई जसजशी संपत जाते तसतशी ती अधिकाधिक बारीक छिद्रांत उरते, त्यामुळे ओढ वाढत जाते आणि शेवटची पाने फिकी निघतात. सुईने शाई भरताना काही वेळा कार्ट्रिज तुडुंब भरले की नोझलमधून ठिबकू लागते, ते याच कारणाने: स्पंजची सारी छिद्रे भरली की धरून ठेवायला मोकळी छिद्रेच उरत नाहीत. अशा वेळी टिश्यू पेपरवर नोझल टेकवून थोडी शाई शोषून घेण्याची रिफिलवाल्यांची रीत शास्त्राला धरूनच आहे.

एचपीच्या ४५ क्रमांकाच्या ४२ मिलिलिटरच्या काळ्या कार्ट्रिजमध्ये स्पंज नाही. त्यात पातळ फिल्मची पिशवी असून तिच्या दोन बाजूंच्या धातूच्या पट्ट्यांमध्ये एक स्प्रिंग त्यांना सतत बाहेर ढकलत असते. पिशवी आकसू पाहते, स्प्रिंग तिला फुगवू पाहते आणि त्या ओढाताणीतून जवळजवळ एकसारखा ऋण दाब मिळतो. जागेचा उपयोग स्पंजपेक्षा कितीतरी चांगला होतो. हे कार्ट्रिज मूळ प्रिंटर बाजारातून गेल्यानंतरही खोक्यांवर तारीख-बॅच छापणाऱ्या यंत्रांत वर्षानुवर्षे टिकून राहिले, यामागे या पिशवीचा भरवसा हे एक कारण असावे, असे मला वाटते.

तिसरी रचना दोन कप्प्यांची. एका कप्प्यात मोकळी शाई आणि वर कोंडलेली हवा, दुसऱ्यात स्पंज, आणि दोहोंना जोडणारी फट तळाशी. स्पंजमधली शाई त्या फटीच्या पातळीखाली गेली की एक बुडबुडा मोकळ्या कप्प्यात चढतो आणि त्याच्या बदल्यात तेवढीच शाई स्पंजकडे येते. पोल्ट्रीत कोंबड्यांसाठी उलटे ठेवलेले पाण्याचे भांडे याच तत्त्वावर चालते: ताटलीतले पाणी कमी झाले की हवा आत जाते, पाणी बाहेर येते आणि पातळी तशीच राहते. सतराव्या शतकातला फ्रेंच शास्त्रज्ञ एद्मे मारिओत याच्या नावाने हे तत्त्व ओळखले जाते. त्यामुळे मोकळ्या कप्प्यात शाई कितीही असली तरी हेडला जाणवणारा दाब बदलत नाही.

कोंडलेल्या हवेचा मात्र एक उपद्रव असतो: ती फुगते. तापमान २५ वरून ४५ अंशांवर गेले तर वीस मिलिलिटर हवेचे आकारमान सव्वा मिलिलिटरहून अधिक वाढते आणि तेवढी शाई बाहेर ढकलली जाते. उंचीचा परिणाम याहूनही मोठा असतो. मुंबईहून महाबळेश्वरला, साधारण १,३५० मीटरवर गेल्यावर हवेचा दाब सुमारे पंधरा टक्क्यांनी उतरतो. अर्धवट रिकामी, घट्ट बंद केलेली शाईची बाटली वर नेऊन उघडली की तिच्या तोंडातून शाई फसफसते ती यामुळे. फुगलेल्या हवेने ढकललेली शाई सामावून घ्यायला स्पंजचा काही भाग मुद्दाम कोरडा ठेवलेला असतो, आणि तो भागही भरून टाकणारा उत्साही रिफिलवाला नकळत ही राखीव जागाच बुजवत असतो.

टाकी बाहेर आली

कार्ट्रिज महाग आणि शाई स्वस्त, या विसंगतीतून आशियातल्या बाजारांत बाहेरून बसवायच्या किटचा उदय झाला. त्याला सीआयएसएस, म्हणजे कंटिन्युअस इंक सप्लाय सिस्टीम, म्हणत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ते सहज मिळे. मूळ कार्ट्रिजच्या जागी पोकळ कार्ट्रिज, त्यातून निघालेल्या चार किंवा सहा नळ्यांचा पट्टा आणि प्रिंटरशेजारी ठेवलेल्या शाईच्या बाटल्या, असे त्याचे स्वरूप होते. हा प्रकार किती फोफावला हे पाहून एप्सनने ऑक्टोबर २०१० मध्ये इंडोनेशियात एल १०० आणि एल २०० हे कारखान्यातच टाकी बसवलेले प्रिंटर आणले. त्यानंतर ते भारतासह अनेक देशांत पसरले, आणि २०१५-१६ च्या सुमारास कॅनन व एचपी यांनीही तीच वाट धरली. सत्तर मिलिलिटरची एक बाटली, वरच्याच हिशेबाने, सुमारे १,७५० कोटी थेंब.

टाकी बाहेर आल्यावर ओढ निर्माण करण्याचे काम स्पंजकडून निघून उंचीकडे आले. टाकीतली शाईची कार्यकारी पातळी हेडच्या खाली पाच सेंटीमीटर असेल, तर हेडमध्ये सुमारे ५०० पास्कल ऋण दाब आपोआप तयार होतो; त्यासाठी ना वीज लागते ना स्प्रिंग. म्हणूनच कंपनीच्या प्रिंटरांत टाक्या बाजूला, तळालगत असतात. सीआयएसएस किट बसवताना टेबलावर जागा नाही म्हणून बाटल्या प्रिंटरच्या डोक्यावर ठेवणारे दुकानदार अनेक होते, आणि त्यांच्या प्रिंटरमध्ये रात्रीतून शाईचे तळे व्हायचे. बाटली हेडपेक्षा पंधरा सेंटीमीटर वर म्हणजे १,५०० पास्कल धन दाब. असा दाब नोझलने रात्रभर पेलावा, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

बाटली भरलेली असताना आणि रिकामी होत आली असताना पातळीत आठ-दहा सेंटीमीटरचा फरक पडतो, आणि तो थेट दाबात उतरतो. त्यावर उपाय म्हणून किटच्या बाटल्यांनाही मारिओतचेच दोन कप्पे असतात: एक मोठा, वरून बंद, दुसरा अरुंद, हवेला उघडा, दोन्ही तळाशी जोडलेले. हेडच्या दृष्टीने महत्त्वाची असते ती अरुंद कप्प्यातली पातळी आणि मोठा कप्पा संपेपर्यंत ती जवळजवळ हलत नाही. शाई भरताना आधी अरुंद कप्प्याचे छिद्र बंद करायचे, मग मोठ्याचे बूच काढायचे, भरून झाल्यावर मोठे बूच घट्ट लावायचे आणि शेवटी छोटे छिद्र उघडायचे, हा क्रम म्हणूनच काटेकोर असतो. मोठे बूच उघडे राहिले तर दोन्ही पातळ्या एक होऊ पाहतात आणि छोट्या छिद्रातून शाई ओसंडते. छोटे छिद्र बंद राहिले तर बाटलीत निर्वात वाढत जातो आणि दहा-वीस पानांनंतर छपाई फिकट होत थांबते.

नळीतले अदृश्य धक्के

कार्ट्रिजमध्ये नसलेला एक नवा प्रश्न टाकीबरोबर आला, तो म्हणजे नळी. वरच्या उदाहरणातला मिनिटाला ०.८६ मिलिलिटरचा प्रवाह दोन मिलिमीटर आतील व्यासाच्या, एक मीटर लांबीच्या नळीतून न्यायचा असेल, तर नेहमीच्या शाईला सुमारे ११० पास्कल दाब खर्च करावा लागतो; हा फरक क्षुल्लक आहे. तीच नळी एक मिलिमीटर व्यासाची घेतली तर अडथळा दुप्पट होत नाही, चौपटही नाही, तर सोळापट होतो आणि पाण्याच्या अठरा सेंटीमीटर स्तंभाइतका दाब नळीतच संपतो. स्वस्त किटमध्ये साधा मजकूर उत्तम छापला जातो आणि लग्नपत्रिकेचे गडद लाल पान निम्म्यावर फिके पडते, त्यामागे बहुतेक वेळा हे असते. थांबून पाच मिनिटांनी पुन्हा छापले की पान पुन्हा चांगले सुरू होते, कारण तेवढ्या वेळात हेड भरून घेते.

याहून कमी लक्षात येणारी गोष्ट म्हणजे शाईचे जडत्व. हेडला घेऊन धावणारी कॅरेज सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास वेगाने येते आणि दोन-तीन सेंटीमीटरमध्ये थांबून उलट फिरते. म्हणजे तिचे त्वरण जवळजवळ गुरुत्वाकर्षणाइतके असते. प्रवासाच्या दिशेत नळीचा चाळीस सेंटीमीटर भाग असेल, तर प्रत्येक वळणावर त्यातली शाई ४,००० पास्कलच्या आसपास धक्का देते. ऋण दाबाचा सारा पट्टा ज्या मापाचा, त्याच्या कित्येक पट हा धक्का आहे आणि तो मिनिटाला अनेकदा बसतो. तो थेट नोझलपर्यंत पोहोचला तर एका टोकाला शाई थुंकली जाईल आणि दुसऱ्या टोकाला हवा आत ओढली जाईल. म्हणून नळी आणि हेड यांच्यामध्ये डॅम्पर बसवतात. हा काडेपेटीहूनही लहान कप्पा असतो, त्याची एक बाजू पातळ फिल्मची असते, ती धक्क्याबरोबर आत-बाहेर होते आणि धक्का तिथेच जिरतो. आत बारीक जाळीही असते, ती शाईतला गाळ अडवते. जाळी तुंबली की डॅम्पर बदलतात. दुरुस्ती करणारे प्रिंटर खोलताच आधी डॅम्परकडे पाहतात ते उगीच नाही.

हवा

नळ्यांच्या व्यवस्थेचा सर्वांत चिवट शत्रू हवा आहे. पिझो हेडमध्ये कप्प्यात बुडबुडा शिरला की भिंतीने दिलेला धक्का शाईला न मिळता त्या बुडबुड्यालाच दाबण्यात जातो आणि नोझल गप्प बसते. सामान्य तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे वीस मिलिलिटर हवा विरघळलेली असू शकते, आणि पाणी तापले की ती धरून ठेवण्याची क्षमता कमी होते; त्यामुळे बाहेरून हवा न शिरताही शाईतूनच बुडबुडे सुटतात. म्हणून चांगल्या शाईतली विरघळलेली हवा काढून ती हवाबंद पाकिटात देतात. बाटली खळाखळा हलवून शाई भरण्याची सवय या सगळ्यावर पाणी फिरवते. रंगाचे सूक्ष्म कण असलेली पिगमेंट शाई हलवायची असली तरी ती हलक्या हाताने उलटी-सुलटी करणे पुरते.

हवा नळीच्या भिंतीतूनही येते. मऊ सिलिकॉनची नळी वळायला छान असते, पण तिच्यातून वायू आणि पाण्याची वाफ सहज आरपार जातात. विदर्भातल्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत महिनाभर बंद असलेल्या प्रिंटरच्या नळीत शाईचे तुकडे आणि मधे हवेचे तुकडे दिसतात, तिथे शाईतले पाणी बाहेर गेलेले असते आणि हवा आत आलेली असते. शाईत ग्लिसरीन किंवा ग्लायकॉलसारखी ओल धरणारी द्रव्ये असतात, ती हा प्रकार लांबवतात, थांबवत नाहीत.

हेड विश्रांतीला जाते तेव्हा त्याखाली रबरी कॅप चढते. हेड क्लीनिंगचा हुकूम दिला की कॅपखालचा छोटा पंप नोझलमधून शाई आणि हवा ओढून घेतो आणि ती वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत, टाकतो. पॅड भरला की प्रिंटर सक्तीने थांबतो. नव्या मॉडेलमध्ये तो आपला आपल्याला बदलता येतो. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला तरच हेड कॅपवर जाऊन बसते, त्यामुळे थेट बोर्डावरचे बटण दाबून दुकान बंद करण्याची घाई सकाळी महागात पडते.

मोठी यंत्रे

फ्लेक्स छापणाऱ्या यंत्रांत मुख्य टाकीतून पंप शाई उचलतो आणि कॅरेजवरच्या लहान उपटाकीत टाकतो. तिथला तरंगणारा सेन्सर पातळी सांभाळतो. जुन्या यंत्रांत उपटाकीची उंचीच ऋण दाब ठरवी. पुढे हेडांची संख्या वाढली, उपटाकी हेडच्या वर गेली आणि दाब राखण्यासाठी व्हॅक्यूम पंप आला. नियंत्रण अचूक झाले, पण वीज गेली की व्हॅक्यूम जातो आणि सगळ्या हेडमधून शाई ठिबकू लागते, म्हणून किमान त्या पंपाला तरी यूपीएस द्यावाच लागतो. उंचीवर चालणारी जुनी रचना अडाणी दिसे, पण अंधारातही आपले काम करी.

पांढऱ्या शाईने वेगळेच संकट आणले. तिच्यातला टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपटीहून जड असतो, त्यामुळे तो टाकीत, नळीत आणि थेट हेडमध्येही तळाला बसतो. टी-शर्टसाठी फिल्मवर छापणाऱ्या डीटीएफ यंत्रांत म्हणून टाकीत ढवळणी आणि नळीत फिरता प्रवाह ठेवतात. मात्र हेड ज्या जातीचे असते त्यात शाई एका बाजूने येते आणि फक्त नोझलमधूनच बाहेर जाते, त्यामुळे डॅम्परपर्यंतची शाई फिरती राहिली तरी शेवटचा इंचभर भाग साचलेलाच राहतो. टाइल्सच्या जड रंगांसाठी हा प्रश्न आधीच सोडवला गेला होता: २००७ मध्ये आलेल्या झार कंपनीच्या १००१ या हेडमध्ये शाई नोझलच्या अगदी मागून सतत वाहत राहते, थेंबापुरती बाहेर पडते आणि उरलेली परत जाते. मग हवेचे बुडबुडेही त्या प्रवाहाबरोबर निघून जातात. अशा हेडला येणाऱ्या आणि जाणाऱ्या नळीतल्या दाबाचा फरक प्रवाह ठरवतो आणि दोन्हींची सरासरी ऋण दाब ठरवते, म्हणून तिथे दोन दाब एकाच वेळी सांभाळावे लागतात.

दुधाच्या पिशवीवर किंवा पाण्याच्या बाटलीवर तारीख छापणारी यंत्रे मात्र या साऱ्याला अपवाद आहेत. त्यांत शाई खरोखरच पंपाने ढकलली जाते, नोझलमधून अखंड धार निघते, तिचे थेंब होतात, हवे तेवढे विद्युतभारित करून वळवले जातात आणि बाकीचे सारे एका गटारात पकडून टाकीत परत नेतात. फिरताना द्रावक उडून जाते, म्हणून शाईचा दाटपणा सतत मोजून द्रावक घालत राहणे हे तिथल्या पुरवठ्याचे मुख्य काम असते.

दोष हेडचा की पुरवठ्याचा

टाकीचा प्रिंटर नीट छापत नसेल तर लगेच हेड क्लीनिंगचा मारा करू नये. आधी नोझल चेकची, म्हणजे कोणती नोझल छापत आहेत हे दाखवणाऱ्या नमुन्याची, दोन पाने लागोपाठ काढावीत. दोन्ही पानांवर तीच नोझल गायब असतील तर ती सुकलेली किंवा तुंबलेली असण्याची शक्यता जास्त आणि तिथे क्लीनिंग उपयोगी पडते. प्रत्येक वेळी वेगवेगळी नोझल गायब असतील तर हवा शिरलेली आहे; वारंवार क्लीनिंग केल्याने ती वाढू शकते, त्यापेक्षा प्रिंटर काही तास शांत ठेवला तर लहान बुडबुडे पुन्हा शाईत विरघळतात. नोझल चेक निर्दोष, पण भरीव पान छापताना रंग वरून खाली फिका होत जात असेल, तर शाई येण्याचा मार्ग अरुंद झाला आहे: डॅम्परची जाळी, मुडपलेली नळी किंवा बंद राहिलेले हवेचे छिद्र. रंग एकमेकांत मिसळत असतील किंवा कागदावर मोठे डाग पडत असतील, तर कॅपभोवती साचलेली घाण पाहावी आणि त्याबरोबर टाकीची उंची व मोठ्या कप्प्याचे बूचही तपासावे. एप्सनच्या एल मालिकेतल्या सुरुवातीच्या प्रिंटरांत वाहतुकीच्या वेळी नळ्या दाबून बंद करणारा एक खटका असतो. घर किंवा दुकान बदलल्यानंतर एकाही रंगाची शाई पुढे येत नसेल, तर मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी तो खटका छपाईच्या खुणेवर परत फिरवला आहे का, ते पाहून घ्यावे.